कंपनीत सगळी आपल्याच तालुक्यातली माणसं: भरती बदलायची तर कुठून सुरू करावं?

तुमचा प्रश्न मी असा समजले. चाकणजवळ वडिलांनी उभी केलेली शीट मेटलची कंपनी, शंभराच्या वर माणसं. त्यातली बहुतेक तुमच्याच तालुक्यातली आणि मोठा भाग तीन-चार आडनावांचा. माणसं प्रामाणिक आहेत, सोडून जात नाहीत. मात्र गेल्या वर्षी बाहेरून घेतलेल्या चार इंजिनिअरांपैकी एकही टिकला नाही. त्यात ग्राहक कंपनीच्या ऑडिटरने भरतीची पद्धत विचारली, तेव्हा दाखवायला कागद नव्हता. आम्ही मुद्दाम कुणाला नाकारत नाही, तरी याला भेदभाव म्हणायचं का, आणि बदलायचं तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारताय.

मी पुणे-सातारा पट्ट्यातल्या कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांत बरीच वर्षं काढली आहेत आणि आता तुमच्याएवढ्या कंपन्यांना भरती लावून द्यायचं काम करते. त्या अनुभवावरून बोलते.

‘आमची माणसं सोडून जात नाहीत’ आणि ‘बाहेरची टिकत नाहीत’ ही दोन वाक्यं तुम्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलीत. मला ती एकाच कारणाची दोन टोकं वाटतात. भरतीत पक्षपात म्हटलं की सगळ्यांचं लक्ष मुलाखतीच्या खोलीकडे जातं. माझ्या पाहण्यात मुलाखत हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग असतो. जागा कुणाला मिळणार हे बरंचसं मुलाखतीच्या आधीच ठरतं, जागा निघाल्याची बातमी कुणाच्या कानावर गेली त्यावरून. आणि तो टिकणार की नाही हे रुजू झाल्यावरच्या दोन-तीन महिन्यांत ठरतं, त्याला काम कोण शिकवतं त्यावरून. तुमचा प्रश्न या दोन जागांचा आहे.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण ओळखीतून माणूस घेणं हे मुळातच वाईट, असं मी मानत नाही. ओळखीचा माणूस टिकतो याला साधी कारणं आहेत. काम कसं आहे, पगार वेळेवर होतो का, साहेब तापट आहे का, हे त्याला आधीच खरंखरं कळलेलं असतं. ज्याने त्याला आणलं त्याची अब्रू पणाला लागलेली असते, त्यामुळे नवा पोरगा रात्रपाळीला दांडी मारायला लागला की सुपरवायझरच्या आधी तोच त्याला झापतो. महागड्या डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) हाताळायच्या, पॉवर प्रेसवर बोटं सांभाळून काम करायचं, अशा ठिकाणी हा विश्वास फुकटात मिळतो. तुमची पंधरा-वीस माणसांची वर्कशॉप असती, तर चालू द्या म्हटलं असतं. त्या आकारात मालक प्रत्येकाला रोज बघतो, एखाद्या टोळीचं राज्य चालायला जागाच नसते.

शंभराच्या पुढे गणित बदलतं. तुम्ही प्रत्येकाला ओळखत नाही, तुमच्या वतीने सुपरवायझर ओळखतो. म्हणजे ‘कंपनीची ओळख’ ही खरं तर चार-पाच सुपरवायझरांची ओळख असते. त्याचे धंद्यातले परिणाम तुम्ही अनुभवले असतीलच. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या, बैलगाड्यांच्या शर्यती लागल्या, की अख्खी प्रेस शॉप एकाच दिवशी रजेवर. एका घरात लग्न निघालं की पाहुणे म्हणून अर्धी पाळी रिकामी. आणि शेजारच्या कंपनीने एक सुपरवायझर फोडला, तर तो एकटा जात नाही, लाइन घेऊन जातो. जी माणसं एकेकटी सोडून जात नाहीत, ती गेली तर एकत्र जातात. ही जोखीम हिशेबाच्या वहीत दिसत नाही म्हणून ती नाही असं नव्हे.

दुसरा परिणाम तुमच्या नजरेआडचा आहे. तुमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या वस्तीत आयटीआय झालेला एक मुलगा आहे असं समजा. त्याच्या भावकीतलं, सोयऱ्यांतलं कुणीच तुमच्याकडे नाही. जागा निघाल्याचं त्याला कळणारच नाही. तुम्ही त्याला नाकारलं नाही हे शंभर टक्के खरं, पण तो तुमच्या गेटपर्यंत पोचलाच नाही. मुलींचंही तेच. पुरुषांच्या ओळखीतून पुरुषच येतात. क्वालिटीत किंवा डिझाइनला डिप्लोमा झालेली मुलगी हवी असेल, तर प्रेस शॉपमधल्या काकांचा फोन तिच्यापर्यंत जात नाही.

हे आजचं नाही, आणि आपल्याकडे तर याचा मोठा इतिहास आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार मालक भरत नसे, जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम भरत असे. सुताखात्यात, मागखात्यात, प्रत्येक खात्याचे जॉबर वेगळे. बायकांच्या कामावर नाईकीण. जॉबर आपल्या गावाकडची, आपल्या जातीची माणसं आणायचा. कोकण, सातारा, घाट, जिथला जॉबर तिथल्या माणसांनी खातं भरायचं. नोकरी लावल्याबद्दल तो दस्तुरी (दलाली) घ्यायचा, अडीनडीला व्याजाने पैसे द्यायचा. गिरणीमालकांना हे सोयीचं होतं, माणसं पुरवण्याची डोकेदुखी नाही. त्याची किंमत कुणी दिली ते पाहा. जास्त मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेशच नव्हता. कारण काय, तर मागाच्या धोट्यातली सुताची कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि दुसऱ्या कामगारांना तो विटाळ वाटे. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं की सगळ्या खात्यांत काम करण्याचा हक्क मान्य करत नसाल, तर आमच्या लोकांना संपात उतरू नका असं सांगेन. पुढाऱ्यांनी ती मागणी अनिच्छेनेच यादीत घातली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांचं उत्तर होतं, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं, कारण तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हतं. मालकांनी ‘यांना मागावर घेऊ नका’ असा हुकूम काढल्याचं कुणी दाखवू शकलं नसतं. माणूस निवडण्याचा अधिकार खाली सोडून दिला की वरचा माणूस स्वच्छ राहतो आणि निकाल तोच लागतो. 1929 मध्ये ब्रिटिश सरकारने कामगारांच्या प्रश्नावर नेमलेल्या व्हिटली कमिशनने 1931 च्या अहवालात म्हणूनच शिफारस केली की कामगार घेण्या-काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढा आणि त्यासाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने 500 किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आज एचआर म्हणून मिरवणारा आमचा पेशा या देशात वाढला तो जॉबरच्या हातातली ही सत्ता काढून घेण्यासाठी, हे आमच्यातलेही बरेच जण विसरलेत. तुमच्याकडे एचआर कोण बघतं? ‘अकाउंट्समधला मुलगा हजेरी आणि पीएफ बघतो’ असं उत्तर असेल, तर भरती कोण करतंय हे वेगळं सांगायला नको.

आता ‘मुद्दाम नाकारत नाही’ याकडे येते. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. आपल्या गटाला झुकतं माप देण्यासाठी परक्याचा द्वेष लागतच नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांचे दोन गट पाडले ते अगदी फालतू कारणांवरून: पडद्यावरचे ठिपके जास्त मोजले की कमी, दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं आवडली. मग प्रत्येकाला इतर मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितले. स्वतःला काही मिळणार नव्हतं, समोरचा कोण हेही माहीत नव्हतं, फक्त त्याचा गट माहीत होता. तरी मुलांनी आपल्या गटाला जास्त दिलं. इतकंच नाही, आपल्या गटाची एकूण रक्कम थोडी घटली तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा आपण पुढे राहावं, असे पर्यायही त्यांनी निवडले. ठिपक्यांवरून हे होतं, तर जिथे आडनावावरून माणसाचं गाव, जात, सोयरीक सगळं कळतं, तिथे काय होत असेल.

काय होतं याचं मोजमापही आपल्याकडे झालं आहे. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अटवेल यांनी 2005 पासून 66 आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. 548 जाहिराती, 4808 अर्ज. शिक्षण-अनुभव सारखा, फरक फक्त नावात: सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम वाटतील अशी नावं. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर सवर्ण नावासाठी 1 धरलं, तर दलित नावासाठी ते 0.67 आणि मुस्लिम नावासाठी 0.33 निघालं. हे अर्ज बघणारे लोक कुणी खलनायक नव्हते. टेबलावर गठ्ठा पडलेला, तासाभरात दहा बाजूला काढायचे, हात आपोआप ओळखीच्या नावाकडे जातो. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं, की सगळे गुणवत्तेचं नाव घेतात आणि मुलाखतीत घरची पार्श्वभूमी हमखास विचारतात. आपल्याकडे त्याचं मराठी रूप आहे: ‘मूळचे कुठले?’ प्रश्न प्रेमाने विचारला जातो, चहा सांगितला जातो, आणि उत्तर ओळखीचं निघालं की मुलाखतीचा सूर बदलतो. उरलेला अर्धा तास मग उमेदवाराला सांभाळून घेण्यात जातो.

तेव्हा भेदभाव म्हणायचं का, याचं माझं उत्तर: तुमच्या मनात नाही, तुमच्या पद्धतीत आहे. आणि ते बरंच आहे, कारण मन बदलायला मी काही करू शकत नाही, पद्धत महिन्याभरात बदलता येते.

पहिलं काम, माणसं येतात कुठून ते कागदावर घ्या. गेल्या दोन वर्षांत रुजू झालेल्यांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे एवढंच लिहा: ‘जागा आहे हे याला कुणाकडून कळलं?’ जात, धर्म लिहू नका. एका मालकाने उत्साहाने तो रकाना घातला होता. दुपारपर्यंत शॉप फ्लोअरवर अफवा पसरल्या आणि आठवडा निस्तरण्यात गेला. माहितीचा स्रोत, तालुका, कुठली आयटीआय किंवा कॉलेज, इतकं पुरतं. बहुतेक ठिकाणी यादीत दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतात. तेच तुमचे जॉबर. त्यांना दोष देऊ नका. तुम्ही माणसं मागितली, त्यांनी आणून दिली.

मग दुसरी वाट उघडा. तुमच्याएवढ्या कंपनीला ती जवळजवळ तयार मिळते. अप्रेंटिस कायदा 1961 नुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. बहुतेक लहान कंपन्या ही कटकट समजून सुपरवायझरच्याच भाच्याला अप्रेंटिस दाखवतात. ती तुमची सगळ्यात स्वस्त, खुली भरती आहे. आपल्या तालुक्याबाहेरच्या दोन आयटीआयच्या प्राचार्यांना जागा निघताच पत्र पाठवा, मुलींच्या आयटीआयलाही पाठवा, आणि वर्षभर काम बघून त्यातून कायम करा. वर्षभर हाताखाली राहिलेला मुलगा कसा आहे हे कळायला कुणाचीही शिफारस लागत नाही.

ओळखीची वाट बंद करू नका. केली तरी ती बंद होत नाही, चोरून चालते. तिला फक्त तीन नियम लावा. ओळखीने माणूस चाचणीपर्यंत येऊ शकतो, त्यापुढे नाही. ज्याने नाव सुचवलं तो निवडीच्या खोलीत बसणार नाही. आणि निवड झाली तर नवा माणूस सुचवणाऱ्याच्या हाताखाली जाणार नाही. तिसऱ्या नियमाला सगळ्यात जास्त विरोध होईल, कारण ओळखीतल्या भरतीचा खरा गोडवा तिथेच असतो: आपला माणूस आपल्या लाइनवर.

तुमच्याकडे कंत्राटी कामगार असतील तर ठेकेदाराचंही बघा. एक ठेकेदार बहुधा एकाच जिल्ह्यातली माणसं आणतो, बिहारमधला असो, ओडिशातला असो की मराठवाड्यातला. कायम कामगार त्यांना ‘ती पोरं’ म्हणतात आणि ती पोरं कायम कामगारांशी कामापुरतं बोलतात. पण आत त्यांचाही एक मुकादम असतो, खोलीचं भाडं कापणारा, ओव्हरटाइम कुणाला हे ठरवणारा. यंत्रणा तीच, भाषा वेगळी. एकाऐवजी दोन ठेकेदार ठेवले आणि पाळ्यांची यादी ठेकेदाराकडून काढून स्वतः केली, तरी खूप फरक पडतो.

मुलाखतीबद्दल थोडक्यात. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. गप्पांपेक्षा काम करून घ्या: ड्रॉइंग आणि पार्ट हातात द्या, व्हर्नियर द्या, कुठलं माप टॉलरन्सबाहेर (चालणाऱ्या फरकाबाहेर) आहे ते विचारा, सेटरसाठी (प्रेसवर डाय लावणाऱ्यासाठी) असेल तर पार्टच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत धार, का येतेय याची तीन कारणं सांगायला लावा. दोघं मुलाखत घेत असतील तर दोघांनी गुण स्वतंत्रपणे लिहायचे आणि मगच बोलायचं, नाहीतर मोठ्या साहेबाचं मत हेच दोघांचं मत होतं. ‘आपल्यात बसेल असा वाटत नाही’ हा शेरा चालणार नाही. काय बसत नाही ते लिहा. मूळ गाव आधी विचारू नका. राहणार कुठे, रात्रपाळीला येणार कसा, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, पण सगळ्यांना आणि गुण देऊन झाल्यावर. इतकं पुरे, मुलाखतीवर याहून जास्त डोकं खर्च करायची गरज नाही.

खरी अडचण त्यानंतर आहे, आणि तुमचे चार इंजिनिअर तिथेच गेले असावेत, असा माझा अंदाज. प्रेस शॉपमधलं निम्मं ज्ञान कागदावर नसतं. कुठल्या प्रेसचा कुशन ढिला आहे, कुठल्या डायला पहिले पन्नास पीस सोडून मग माप घ्यायचं, कुठल्या गाडीतून आलेली कॉइल कडक असते, ग्राहकाकडचा कोण माणूस फोनवर डेव्हिएशन (मापातली सूट) देतो. हे चहाच्या टपरीवर, एकाच गावाला जाणाऱ्या मोटारसायकलवर, जेवणाच्या डब्यांच्या घोळक्यात सांगितलं जातं. तिथे नवा इंजिनिअर नसतो. कुणी त्याला मुद्दाम वगळलेलं नसतं, फक्त बोलवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मग तो चुकतो. आणि चुकला की आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. गावातल्या मुलाने चुकीची शिम (उंची जुळवायची पातळ पट्टी) टाकली तर ‘नवीन आहे, शिकेल’. बाहेरच्या डिग्रीवाल्याने टाकली तर ‘पुस्तकी आहे, हाताला वळण नाही’. चूक तीच, रिजेक्शनही तेवढंच. प्रोबेशनच्या शेवटी सुपरवायझर जे मत देतो ते अशा पन्नास छोट्या निवाड्यांचं मिळून झालेलं असतं, आणि तुम्हाला ते निरपेक्ष मत वाटतं. तोपर्यंत त्या इंजिनिअरने दुसरीकडे बोलणी सुरू केलेली असतात.

यावर उपाय म्हणून ‘सगळ्यांनी मिसळून वागा’ असं सांगणं किंवा टीम बिल्डिंगची सहल काढणं, याचा मला काही उपयोग दिसलेला नाही. सहलीलाही बसमधल्या जागा गावानुसारच भरतात. उपयोग होतो तो कामाची मांडणी बदलून. आधी, बाहेरच्या एकट्याला कधीच टाकू नका. दोघं तरी एका वेळी घ्या. एकट्याचं ‘तो बाहेरचा’ होतं, दोघांचं तसं चटकन होत नाही. मग प्रत्येकाला पहिल्या तीन महिन्यांसाठी एक जुना सेटर जोडून द्या, आणि नवा माणूस तीन महिन्यांत किती डाय स्वतः लावू शकतो ते त्या सेटरच्या मूल्यमापनात घ्या. शिकवणं हा उपकार राहिला की तो आपल्यांवरच होतो. डाय सेटिंगच्या त्या न लिहिलेल्या गोष्टी प्रत्येक प्रेसजवळ एका वहीत उतरवून घ्या, मराठीत, सेटरच्याच शब्दांत. पाळीचे मेसेज जाणारा व्हॉट्सॲप ग्रुप कंपनीचा असू द्या, गावकीचा नको. प्रोबेशनचं मत एका सुपरवायझरवर सोडू नका. ज्याला त्याच्या कामाचा माल मिळतो, म्हणजे क्वालिटी किंवा असेंब्ली, त्याचंही लेखी मत घ्या.

मिश्र टीम केली की काम आपोआप सुधारतं, असं काही जण छातीठोक सांगतात. तसं नसतं. योनास योर्ट या अर्थशास्त्रज्ञाने केनियातल्या एका फुलं पॅक करणाऱ्या कारखान्याचा अभ्यास केला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. तिघांची टीम: एक जण फुलं पुरवणार, दोघं गुच्छ बांधणार. पुरवणारा एका जमातीचा आणि बांधणारे दुसऱ्या जमातीचे असले की उत्पादन घटायचं, कारण तो परक्यांना फुलंच कमी द्यायचा. स्वतःचेही पैसे त्यात बुडत, तरी. 2007 च्या शेवटी निवडणुकीनंतर दंगली झाल्या, तेव्हा हा फरक आणखी वाढला. मग कारखान्याने बांधणाऱ्या दोघांना वेगवेगळे पैसे देण्याऐवजी दोघांच्या एकत्रित उत्पादनावर पैसे द्यायला सुरुवात केली. आता एकाला झुकतं माप देऊन त्याचा फायदा करता येईना, आणि त्या दोघांतला भेदभाव जवळजवळ नाहीसा झाला. कुणाचं मतपरिवर्तन केलं नाही, पगाराचा हिशेब बदलला. तुमच्याकडे इन्सेंटिव्ह कसा आहे ते बघा. ऑपरेटरमागे असेल, तर लाइनमागे करून पाहा.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला, आणि क्रिकेटचा. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात गावातल्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. काही संघ एकाच जातीगटाचे, काही मिश्र, सगळं चिठ्ठ्या टाकून. एकाच संघात खेळलेल्यांच्या नंतर जातीपलीकडे मैत्री वाढली. एकमेकांविरुद्ध खेळण्याचा परिणाम मात्र उलटा झाला. कारखान्यात याचा अर्थ मी असा घेते: गावकऱ्यांची एक पाळी आणि बाहेरच्यांची दुसरी, आणि वर दोन्ही पाळ्यांचे उत्पादनाचे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी, ही मांडणी सगळ्यात वाईट. स्पर्धा लावायचीच तर आधी पाळ्या मिसळा.

ऑडिटरपुढे काय ठेवायचं ते सोपं आहे: जागेची जाहिरात कुठे दिली, किती अर्ज आले, चाचणीचे गुण, निवडीचं कारण. प्रत्येक जागेमागे एक फाइल. कायद्याचं थोडं सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. राज्यघटनेचं कलम 16 सरकारी नोकरीला लागू होतं. जात, धर्म किंवा जन्मस्थानावरून खासगी भरतीत भेदभाव झाला तर थेट लागू होईल असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. स्त्री-पुरुष भेदाविरुद्ध 1976 पासून कायदा आहे, आता तो वेतन संहितेत आला. अपंग व्यक्तींसाठी 2016 चा कायदा आहे. मोठ्या ग्राहक कंपन्यांच्या पुरवठादार अटी मात्र बहुधा याहून कडक असतात, त्या वाचा. आणि तुम्ही सरकारी औद्योगिक सवलती घेत असाल तर 80 टक्के स्थानिकांची अट ढाल म्हणून पुढे करू नका. तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. तुमचा तालुका नव्हे.

राहिला प्रश्न वडिलांचा आणि जुन्या सुपरवायझरांचा. त्यांना ‘तुम्ही पक्षपात करता’ हे शब्द ऐकवू नका. ज्यांनी कंपनी पहिल्या शेडपासून उभी केली, अडचणीच्या महिन्यात पगार उशिरा घेतला, त्यांच्या निष्ठेचा हा अपमान होईल आणि खरं सांगायचं तर तो अन्यायही होईल. जुन्या कुणालाही काढू नका, कुणाच्या भाच्याला फक्त भाचा आहे म्हणून नाकारूही नका; चाचणीला बसू द्या. बदल पुढच्या रिकाम्या जागेपासून सुरू करा, तोही एकाच विभागात. मी बहुधा क्वालिटीपासून सुरू करते, कारण तिथे गुण मोजता येतात आणि प्रेस शॉपएवढी भाऊबंदकी नसते. वडिलांशी बोलताना यात्रेच्या आठवड्यातली हजेरी आणि त्या आठवड्यात चुकलेल्या डिलिव्हऱ्या पुढे ठेवा. समतेवरच्या भाषणापेक्षा तो कागद लवकर पटतो.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, सोडून गेलेल्या त्या चौघांना फोन करा. सुपरवायझरने नाही, तुम्ही स्वतः. ‘का सोडलंत?’ असं विचारलंत तर सगळे ‘पगार’ म्हणतील, ते उत्तर सभ्यपणाचं असतं. त्याऐवजी विचारा: पहिल्या महिन्यात काही अडलं तर कुणाला विचारायचात, आणि दुपारी जेवायला कुणाबरोबर बसायचात? चौघांपैकी तिघांना नाव सांगता आलं नाही, तर माझा अंदाज बरोबर आहे असं समजा आणि सेटर जोडून देण्यापासून सुरुवात करा. तिघांनी चटकन नावं सांगितली, तर मी चुकले असेन. मग अडचण खरोखर पगाराची किंवा कामाची आहे, आणि तिचा विचार वेगळा करावा लागेल.